दुभत्या जनावरांची निगा व गोठ्याचा हिशेब

‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ ही म्हण आमच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु गाय दुभती असूनही तिचें दूध तिच्या वैरणीच्या खर्चास पुरत नसेल, तर त्या लाथा किती दिवस गोड लागतील? खेडोपाडीं जात असतां आम्हांस पुष्कळ गोठे असे आढळतात कीं, घरांतील माणसें पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतात, दूध रोज डेअरीवर जातें, ठरल्या दिवशीं त्याचे पैसेही हातीं पडतात, आणि तरी वर्षाच्या अखेरीस कर्ज होतें त्याहून वाढलेलें असतें. असें कां होतें, व तें टाळण्यास काय करावें, याचा विचार या पाठांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्यांच्या दारीं दोन, तीन किंवा पांच जनावरें आहेत अशा सामान्य कुटुंबांसाठीं हा पाठ आहे.

प्रथम एक उदाहरण घेऊं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील (ज्यास २०२४ पूर्वीं अहमदनगर म्हणत) एका गांवीं एका कुटुंबानें कर्ज काढून तीन संकरित गाई घेतल्या. माणसें कष्टाळू व निर्व्यसनी. आम्ही त्यांच्या घरीं गेलों तेव्हां पहिली गाय नुकतीच व्यालेली असून दिवसास १० लिटर दूध देत होती. दुसरी वेताच्या शेवटाकडे आली असून ४ लिटरांवर उतरली होती, आणि तिचा एक सड दगडीनें कायमचा आटला होता. तिसरी भाकड होती; ती कित्येक महिने गाभण राहिली नव्हती. तिन्ही गाईंस रोज प्रत्येकीं ४ किलो खुराक मिळत असे. आम्हीं याचें कारण विचारिलें, तेव्हां घरधनी अभिमानानें म्हणाले, “पाळकसाहेब, आम्ही दुजाभाव करीत नाहीं. तिघींना सारखेंच घालतों.” माणसांच्या पंगतींत हा गुण होय, परंतु गोठ्यांत तोच त्यांच्या तोट्याचें मूळ झाला होता. कसा तो पाहूं.

१. चारा व खुराक

जनावर जें खातें त्यांतील कांहीं भाग त्याच्या स्वतःच्या शरीराच्या पोषणास लागतो व उरलेल्यापासून दूध होतें. सबब खुराक दुधाच्या मापानें द्यावा. साधारण नियम असा: शरीरपोषणासाठीं दिवसास १ ते १॥ किलो, आणि त्याखेरीज गाईस दर लिटर दुधामागें ४०० ग्रॅम व म्हशीस ५०० ग्रॅम. आतां वरील गोठ्याचा हिशेब करा. १० लिटर देणारीस १॥ आणि ४ मिळून ५॥ किलो हवे होते. ४ लिटर देणारीस ३ किलो १०० ग्रॅम. भाकड गाईस १॥ किलो. एकूण १० किलो १०० ग्रॅम झाले. हे गृहस्थ १२ किलो घालीत होते! म्हणजे खर्च अधिक होत होता आणि जी गाय घर चालवीत होती तीच अर्धपोटी राहत होती. अशी गाय आपल्या अंगचें मांस झडवून दूध देते. मग ती माजावर येत नाहीं, आणि आजची दुभती गाय उद्यांची भाकड होते. तिसऱ्या गाईची तीच गत झाली असावी असें आम्हांस वाटतें.

खुराकाहून चारा महत्त्वाचा होय. मोठ्या गाईस दिवसास १५ ते २० किलो हिरवी वैरण व ५ ते ६ किलो कडबा किंवा इतर वाळली वैरण द्यावी. वैरण कुट्टी करून घातली तर नासाडी पुष्कळ कमी होते. केवळ ऊंस किंवा उंसाचे वाढे यांवर जनावर ठेवणें बरें नव्हे. मका, कडवळ, संकरित नेपिअर यांच्या जोडीस लसूणघास किंवा चवळी यांसारखी द्विदल वैरण असावी. क्षारमिश्रण रोज ५० ग्रॅम व थोडें मीठ खुराकांत घालावें. हा खर्च थोडा आहे. तो वांचविल्यास गर्भ राहण्यास अडचण पडते.

उन्हाळ्याची तरतूद पावसाळ्यांतच करावी. मक्याचें कणीस चिकांत असतांना ताटें कापून बारीक कुट्टी करावी, खड्ड्यांत किंवा जाड पिशवींत थरावर थर देऊन हवा निघून जाईपर्यंत तुडवावी, व तोंड घट्ट बंद करावें. सुमारें ४५ दिवसांत मुरघास तयार होतो. हवा आंत राहिली तर बुरशी येते. बुरशी आलेला मुरघास दुभत्या व गाभण जनावरांस मुळींच घालूं नये. तसेंच कोवळी किंवा पाण्यावांचून करपलेली ज्वारी गुरांस खाऊं देऊं नये. तींत विषारी द्रव्य असतें व जनावर थोड्याच वेळांत मरतें.

पाण्याविषयीं पुष्कळ घरीं हयगय होते. दुधांत शेंकडा सुमारें ८७ भाग पाणीच असतें. दिवसांतून दोनदां बादली दाखविणें पुरेसें नाहीं. स्वच्छ पाणी जनावरापुढें रात्रंदिवस असावें. याकरितां मोकळा गोठा फार सोयीचा. कुंपण घातलेल्या आवारांत जनावर सुटें ठेवावें, एका बाजूस छपराची सावली, एका बाजूस गव्हाण व एका बाजूस पाण्याची टांकी असावी. जनावर तहान लागेल तेव्हां पितें, ऊन लागेल तेव्हां सावलींत जातें, आणि शेण काढण्याचे घरच्या बाईमाणसांचे कष्टही कमी होतात.

२. माज ओळखणें

गाय व म्हैस साधारणपणें दर २१ दिवसांनीं माजावर येतात. गाईचा गर्भकाळ सुमारें २८० दिवस व म्हशीचा सुमारें ३१० दिवस असतो. गाय १३ महिन्यांनीं पुन्हा व्यावी अशी इच्छा असेल तर ती व्याल्यापासून सुमारें ११५ दिवसांच्या आंत गाभण राहिली पाहिजे. पहिले ६० दिवस गर्भाशय पूर्वस्थितीवर येण्यास द्यावे लागतात. म्हणजे उरतात ५५ दिवस, व त्यांत माज येतो फार तर दोन-तीन वेळां. एक माज चुकला कीं २१ दिवस गेले.

या २१ दिवसांची किंमत किती? समजा, भाकड जनावराच्या चाऱ्यापाण्यास दिवसास १५० रुपये लागतात. तर एक चुकलेला माज ३,१५० रुपयांस पडला, दोन चुकले तर ६,३००. हे पैसे कोणी खिशांतून काढून नेत नाहीं. म्हणून ते गेल्याचें कळत नाहीं.

माजाचीं लक्षणें अशीं: जनावर अस्वस्थ होऊन हंबरतें, वैरण कमी खातें, दूध थोडें घटतें, वारंवार लघवी करतें, दुसऱ्या जनावरांवर चढतें किंवा त्यांस आपणावर चढूं देतें, आणि योनिमार्गांतून काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट लोंबतो. सकाळीं माज दिसला तर संध्याकाळीं, व संध्याकाळीं दिसला तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं कृत्रिम रेतन करून घ्यावें. म्हशीचा माज पुष्कळदां मुका असतो, विशेषतः उन्हाळ्यांत. सबब म्हशीकडे पहाटे व रात्रीं मुद्दाम लक्ष द्यावें, आणि उन्हाच्या वेळीं तिला डुंबवावी किंवा तिच्या अंगावर पाणी मारावें. सोट गढूळ किंवा पुवासारखा असल्यास रेतन न करितां प्रथम पशुवैद्यास दाखवावें. रेतनानंतर अडीच-तीन महिन्यांनीं गर्भतपासणी केल्यावांचून गाय गाभण आहे असें धरून चालूं नये.

प्रसूतीपूर्वीं ६० दिवस दूध आटवावें. शेवटच्या थेंबापर्यंत धार काढणाऱ्यास आज चार पैसे मिळतात, पण पुढील वेतांत त्याहून अधिक दूध हातचें जातें. या दोन महिन्यांत कासेस विसावा मिळतो व पोटांतील गर्भ झपाट्यानें वाढतो. म्हणून गाय दूध देत नसली तरी खुराक किलो-दीड किलोनें वाढवावा.

३. कास व धार

दगडी, म्हणजे कासदाह, हा रोग गोठ्यांतील मोठा चोर आहे. सड सुजून दुधांत गांठी येतात तेव्हां तो सर्वांस दिसतो. परंतु त्याचा एक छुपा प्रकार आहे, ज्यांत कास चांगली दिसते, दूध पांढरें दिसतें, आणि तरी तें हळूहळू घटत जातें.

उपाय साधे आहेत. धार काढणारानें हात साबणानें धुवावे. कास व सड धुऊन कोरड्या स्वच्छ फडक्यानें पुसावे. सगळ्या गाईंना एकच ओलें फडकें फिरवूं नये. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घेऊन गांठी आहेत काय तें पाहावें. त्या धारा जमिनीवर सोडूं नयेत. अंगठा मुडपून सड ओढण्याची संवय पुष्कळांस असते, तिनें सडास इजा होते. पूर्ण मुठीनें दाबून धार काढावी. पान्हा फुटल्यानंतर सात-आठ मिनिटांत धार संपली पाहिजे, कारण त्यानंतर पान्हा ओसरतो. धार संपतांच सड आयोडिनच्या द्रावणांत बुडवावे. धारेनंतर सुमारें अर्धा तास सडाचें तोंड उघडें असतें. त्या वेळांत जनावर शेणामुतांत बसलें तर जंतू आंत शिरतात. म्हणून धार संपतांच गव्हाणींत वैरण टाकावी, म्हणजे तें उभें राहतें. रोगट जनावराची धार सर्वांच्या शेवटीं काढावी.

वरील कुटुंबांतील दुसऱ्या गाईचा सड कसा गेला, हें विचारितां असें समजलें कीं, दुधांत गांठी दिसल्यावर आठ दिवस घरगुती लेप लावीत राहिले. या रोगांत दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. पशुवैद्यानें औषध दिल्यावर तो सांगेल तितके दिवस त्या जनावराचें दूध डेअरीस घालूं नये व घरच्या मुलांसही देऊं नये. औषधाचा अंश दुधांत उतरतो. तें दूध विकलें तर कोणी पाहणार नाहीं हें खरें. परंतु तें कोणाच्या तरी तान्ह्या मुलाच्या पोटांत जाणार आहे. दुधांत पाणी घालण्याविषयींही आमचें सांगणें तेंच आहे.

४. वासरूं

येथें आम्ही आमच्याच घरची चूक सांगतों. आमच्या लहानपणीं घरीं असा समज होता कीं, वार पडल्यावांचून वासरास चीक पाजूं नये, आणि चीक जड असल्यानें तो थोडाच पाजावा. आमच्या आठवणींत दोन कालवडी जन्मल्यापासून पंधरा दिवसांच्या आंत हगवणीनें गेल्या. वडील म्हणत, आपल्या गोठ्यास वासरूं लाभत नाहीं. लाभत नव्हतें असें नाहीं; आम्ही त्यास त्याचा वांटा देत नव्हतों.

खरी गोष्ट अशी आहे कीं, वासरूं रोगप्रतिकाराची शक्ति आईच्या पोटांतून घेऊन येत नाहीं. ती त्यास चिकांतून मिळते. ती शोषून घेण्याची आंतड्यांची शक्ति जन्मानंतर तासागणिक कमी होत जाते व सुमारें एका दिवसानें संपते. म्हणून वासरूं जन्मल्यापासून एक-दोन तासांच्या आंत त्यास चीक पाजावा. वार पडण्याची वाट पाहूं नये. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक दिवसभरांत द्यावा. २५ किलोंच्या वासरास २॥ लिटर, तीन-चार वेळां विभागून. नाळ स्वच्छ कापून आयोडिन लावावें, व पहिल्या पंधरवड्यांत जंताचें औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानें द्यावें. आजची कालवड नीट वाढली तर अडीच वर्षांच्या सुमारास ती व्याते, आणि बाजारांतून कर्जानें गाय आणण्याची गरज राहत नाहीं.

५. रोगप्रतिबंध

लस टोंचण्यास कां कूं करणारे लोक अजून आहेत. टोंचल्यानें दूध घटतें असें ते म्हणतात. एक-दोन दिवस थोडें घटतें हें खरें आहे. परंतु लाळ्या-खुरकूत झाला तर तोंड व खूर सडून संपूर्ण वेत बुडतें. आमच्या वडीलधाऱ्यांस बुळकांडीची आठवण असेल. त्या रोगानें गांवेंच्या गांवें बैलांवांचून ओस पडत. तो रोग भारतांतून नाहींसा झाल्याचें २००६ सालीं मान्य झालें, व २०११ सालीं तो साऱ्या जगांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. हें कशानें झालें? चिकाटीनें केलेल्या लसीकरणानें.

लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनीं द्यावी. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीं घ्याव्या. सांसर्गिक गर्भपाताची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी व पारड्या यांस आयुष्यांत एकदांच देतात. हा रोग माणसांसही होतो, व कच्च्या दुधांतून किंवा गाभडलेल्या जनावराच्या वारेस उघडे हात लावल्यानें येतो. सबब दूध उकळूनच प्यावें, व गाभडलेला गर्भ व वार हातांस आच्छादन घालून खोल पुरावी. २०२२ सालीं लम्पी त्वचा रोगानें आपल्या राज्यांत किती गाई गेल्या हें वाचक विसरले नसतील. तो रोग डांस, माशा व गोचीड यांच्याद्वारें पसरतो. म्हणून गोठ्यांतील चिखल काढणें, भिंतींच्या भेगा बुजविणें व गोचीड मारणें हें काम लसीच्या जोडीस चाललें पाहिजे. नवें जनावर आणल्यास तीन आठवडे निराळें बांधावें. पशुवैद्यकीय मदतीसाठीं १९६२ हा दूरध्वनि क्रमांक आहे. तो गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

६. जनावराची निवड

ज्याच्यापाशीं जितकी वैरण तितकींच जनावरें त्यानें पाळावीं. तीन अर्धपोटी गाईंपेक्षां दोन पोटभर गाई अधिक दूध देतात. मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें बाएफ ही संस्था स्थापिली, व पुढें तिच्या द्वारें होल्स्टीन व जर्सी यांच्या संकराचा प्रसार खेडोपाडीं झाला. संकरित गाय दूध पुष्कळ देते, परंतु तिला ऊन, गोचीड व उपासमार सोसत नाहीं. जेथें पाणी व हिरवा चारा बेताचा आहे तेथें गीर, देवणी, लाल कंधारी यांसारख्या गाई किंवा पंढरपुरी म्हैस यांचा विचार करावा. डोंगराळ, अति पावसाच्या मुलुखांत डांगी टिकते. विकत घेतांना दुसऱ्या-तिसऱ्या वेताचें जनावर पाहावें, लागोपाठ तीन वेळां आपल्या हातानें धार काढावी, व चारही सड तपासावे.

महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गाईंची व २०१५ च्या दुरुस्तीनें बैल व वळू यांचीही कत्तल बंद झाली आहे. तेव्हां निरुपयोगी जनावराचा भार मालकानेंच वाहावयाचा आहे, हें आरंभींच लक्षांत घ्यावें. लिंगनिश्चित रेतमात्रा वापरल्यास शेंकडा सुमारें ९० कालवडी होतात. ती सोय जवळ असल्यास तिचा लाभ घ्यावा.

७. वही

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी असून सर्वांत कमी लोक करतात. एक वही घ्यावी. प्रत्येक जनावरास एक पान द्यावें. त्यावर व्याल्याची तारीख, माजाच्या तारखा, रेतनाची तारीख, लसी, व आठवड्यांतून एकदां मोजलेलें दोन्ही वेळचें दूध लिहावें. निराळ्या पानावर जमा व खर्च लिहावा. घरच्या शेतांतील वैरण फुकट समजूं नये. ती विकली असती तर काय आलें असतें तो आंकडा खर्चांत धरावा. तसेंच मुलांनीं प्यालेलें दूध व शेतांत गेलेलें शेणखत हीं जमेस धरावीं. डेअरीच्या पावतीवरील फॅट व एस.एन.एफ. यांचे आंकडेही उतरून घ्यावे. गाईच्या दुधाचा भाव पुष्कळ ठिकाणीं ३.५ व ८.५ या प्रमाणावर ठरतो, व त्याखालीं गेल्यास कापला जातो. फॅट उतरली तर वाळली वैरण कमी पडते काय हें प्रथम पाहावें. घरांत लिहितें-वाचतें एक मूल असलें म्हणजे हें काम दहा मिनिटांचें आहे.

उदाहरणांतील कुटुंबांत हें काम सातवींतील मुलीनें पत्करलें. खुराक दुधाच्या मापानें घालूं लागले. भाकड गाईस पशुवैद्यास दाखविलें, तेव्हां गर्भाशयाचा जुना दाह निघाला. औषधोपचारानंतर दुसऱ्या माजास ती गाभण राहिली. आटलेला सड कांहीं परत आला नाहीं. एका वर्षानें आम्ही पुन्हा गेलों. कर्ज फिटलें नव्हतें. परंतु एकही हप्ता चुकला नव्हता, आणि गोठ्यांत एक कालवड वाढत होती. मुलीनें वही आणून आमच्यापुढें ठेवली. तिच्या आईनें दारांतूनच सांगितलें, “आतां ती आम्हांलाच विचारते, ‘आज माज पाहिला का?’”

ज्या घरीं हा पाठ वाचला जाईल तेथें आजच एक कोरी वही काढावी, अशी आमची विनंती आहे.

पाठावरील प्रश्न (रात्रीच्या बैठकींत विचारण्यासाठीं)

(१) ८ लिटर दूध देणाऱ्या गाईस व ६ लिटर देणाऱ्या म्हशीस रोज किती खुराक द्यावा?
(२) आपल्या गोठ्यांतील प्रत्येक जनावर केव्हां व्यालें, व पुढील माज कोणत्या तारखेस अपेक्षित आहे?
(३) धार काढल्यावर वैरण टाकण्याचें कारण काय?
(४) चीक पाजण्यास उशीर केल्यानें काय हानि होते?
(५) औषध चालू असलेल्या गाईचें दूध विकणें कां अयोग्य आहे?
(६) आपल्या गांवांत या वर्षीं कोणत्या लसी टोंचल्या गेल्या? कोणतीं जनावरें राहून गेलीं?